पारा ही माझी सही नव्हे

३ मार्च, सोमवार

कन्येस,

पाकीट जाड आहे, तेव्हा तू ते न उघडता बाजूला टाकशील हे मला ठाऊक आहे. म्हणून कामाचं पहिल्याच ओळीत लिहिते. बाबांनी पाठवलेला मासा खाऊ नकोस. उरला असेल तर फेकून दे. मांजरालाही घालू नकोस. आता पुढचं वाचायचं तर वाच.

तुझं कार्ड शनिवारी आलं. तुझं म्हणजे माझंच, तू परत धाडलेलं. मी लिहिलं होतं, "बाबांचा मासा खाऊ नकोस. पारा." त्याखाली तुझं अक्षर: "माझ्या ताटात काय असावं हेही आता पाराच ठरवणार का? आजच खाल्ला. डोकंसुद्धा खाल्लं."

अगं, ती सही नव्हती. ते कारण होतं.

पारा म्हणजे पारा. थर्मामीटरमधला. तळ्यातल्या माशात तो आहे, बाबांच्या अंगात तो आहे, आणि तू माझ्यावरच्या रागाने जे डोकं खाल्लंस त्यातही असणार. नसांच्या डॉक्टरीणबाईंकडून बाहेर पडले, समोरच पोस्ट होतं, उभ्याउभ्या कार्ड लिहून टाकलं. वाटलं, एवढे शब्द पुरे. मला नेहमीच वाटतं, एवढे शब्द पुरे.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात ते कार्ड नीट वाचलं गेलं असतं. फक्त आपल्याच घरात नाही. तू बालवाडीत होतीस तेव्हा बाबा धरणावरून आले की चपला काढता काढता तुला विचारायचे, "मासोळे, आज पारा किती?" आणि तू माझ्या तोंडाकडे बघून सांगायचीस, "अर्ध्यावर." नाहीतर, "फुटला!" मी आत भांडी जरा जोरात आपटायचे, म्हणजे तुमचा अंदाज खरा ठरावा. पुढे तुझ्या डब्यात चिठ्ठी घालायला लागले तेव्हा मीच तशी सही करू लागले. "भाजी टाकायची नाही. पारा." "ओला टॉवेल दप्तरात कोंबणाऱ्या मुलीला शोधत आहे. पारा." तू त्या चिठ्ठ्या वर्गभर फिरवायचीस म्हणे. इतकी वर्षं तो शब्द मी हौसेने वापरला. आता खऱ्या पाऱ्याबद्दल लिहायची वेळ आली, तर शब्द आधीच खर्च झालेला.

तुला चौथा महिना आहे हे मला माहीत आहे. बाबांवर चिडू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही. "आईला सांगू नका असं म्हणालीय," हेही त्यांनी मला सांगितलं. म्हणूनच हे पत्र. एरवी तू म्हणालीस लिहू नकोस, तर मी लिहिलं नसतं.

अक्षर ओळीखाली घसरलंय. टेबल डगमगतं. सुताराला सांगितलं आहे.

११ मार्च, मंगळवार

उत्तर नाही. बरं. फोन तू उचलत नाहीसच. मग नीट पहिल्यापासून सांगते, म्हणजे "आईच्या डोक्यातलं खूळ" म्हणायला जागा नको.

हिवाळ्यात दुकानात एकेक गिऱ्हाईक येऊ लागलं. सगळ्यांचं एकच, बाई चष्मा बदला. मी नंबर तपासावा तर नंबर तोच. तुझ्या बाबांचा दोस्त तो नावाडी आला, तो तर भांडायलाच.

"बाई, तुमच्या या चष्म्यातून आमची बायको दिसत नाही."

"कुठे बसते ती?"

"ही काय, बाजूला बसलीय."

"मग तिला समोर बसवा."

बायको हसली. तो नाही हसला. मी त्याला एक डोळा झाकायला लावला, समोर बसले आणि बोट त्याच्या कानाकडून हळूहळू पुढे आणत गेले. दिसलं की सांगा म्हटलं. बोट येतंय, येतंय, तो गप्प. माझं बोट जवळजवळ माझ्याच नाकासमोर आलं तेव्हा म्हणाला, "हां, दिसलं." नळीतून बघावं तसं तो जग बघत होता, आणि दोष चष्म्याला देत होता. त्याच्यामागून आणखी आले. सगळे तळ्याकाठचे. काचा पुसून परत देण्यापलीकडे मला काही करता येईना.

आता घरातलं. बाबा जेवायला बसले की विचारायचे, "मीठ कुठंय?" मीठ त्यांच्या कोपराशी. वर्षभर मी म्हणत आले, "डोळे आहेत की बटणं?" त्या नावाड्यानंतर एक दिवस मी काही बोलले नाही. ते विचारत राहिले आणि मी मिठाचं भांडं एका बोटाने पुढे सरकवत राहिले. कोपरापासून ताटाच्या कडेपर्यंत. तिथून भातापर्यंत. भांडं अगदी हनुवटीखाली आल्यावर म्हणाले, "अरेच्चा, इथेच होतं की!" आणि हसले. मी पाणी आणायला म्हणून आत गेले. पाणी टेबलावरच होतं.

तू मागच्या उन्हाळ्यात मला म्हणालीस, बाबांची जीभ फोनवर जड येते, चालताना झोकांड्या जातात, ते पितात, आणि माझ्यामुळे पितात. मी तुला काय उत्तर दिलं ते आठव. तुझ्या बाबांना सरबत चढतं, असं म्हणाले होते. पण तू गेल्यावर मी होडीच्या शेडमध्ये जाऊन बाटल्या शोधल्या, हेही लिहून टाकते. तिथे दोरे, बूच आणि एक फुटका बल्ब होता. पुढे होडी पाण्यातल्या बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर आदळली तेव्हा मी इंजिनाची चावी काढून घेतली. त्यावरून तू जे बोललीस ते बोललीस. "जिवंत माणसाला भिंतीत चिणलंस." चावी अजून माझ्याकडे आहे आणि आज पुन्हा तसं झालं तर आज पुन्हा काढून घेईन. बुंधा बाजूला होता, गं. बाजूचं त्यांना दिसत नाही. होडी फुटली, ते वाचले.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बाबांना एका रेषेत चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं. बोट गालाला लागलं. मग विचारलं, "मासे खाता का?"

"रोज!" बाबा छाती काढून. "त्यावर तर टिकून आहे. ही बघा, हिलाही विचारा."

"कुठले?"

"आमच्या तळ्यातले. आरशासारखं पाणी आहे."

पाणी आरशासारखं आहेच, त्या म्हणाल्या. पाणी तपासलं तर काहीच सापडत नाही. धरण भरलं तेव्हा खाली जंगल बुडालं. ते उभंच्या उभं कुजलं. माती-पानांत जो चिमूटभर पारा सगळीकडेच असतो, तो त्या कुजण्यात अन्नात शिरेल असा झाला. किड्यांत गेला, किडे खाणाऱ्या मासोळ्यांत गेला, त्या खाणाऱ्या मोठ्या माशांत साठला. जितका मासा म्हातारा तितका जास्त. उकळून जात नाही, खारवून जात नाही, धुरावून जात नाही. बाबांच्या केसांत एवढा निघाला की त्यांनी कागद दोनदा पाहिला.

आणि एक. पोटातल्या बाळाकडे तो आईपेक्षा जास्त ओढला जातो. आई ठणठणीत राहते. बाळ उशिरा चालतं, उशिरा बोलतं, किंवा त्याहून वाईट. एवढंच. मी यावर आणखी लिहिणार नाही.

२९ मार्च, शनिवार

बाबा ऐकत नाहीत.

"मी रोज खातो, मेलो का?"

"बटण लावता येतं का तुम्हाला?"

"वय झालं माझं. वयालाही पारा म्हणशील!"

"चमचा सुटतो हातातून."

"तुझ्यासमोर कुणाच्याही हातातून चमचा सुटेल."

आणि ते चिडतात, गं. तुझे बाबा! ज्यांनी आयुष्यात कधी कुत्र्याला हाड् म्हटलं नाही, त्यांनी परवा कपबशी भिंतीवर फेकली. मग माझ्याकडे बघून लहान आवाजात म्हणाले, "आता पारा माझ्यावर आला वाटतं." त्यांना विनोद करायचा होता. मी तुकडे वेचत होते. वेचता वेचता मनात आलं, आपण या घरात वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो. पारा चढला, पारा चढला. आपण काय म्हणतोय ते आपणच ऐकलं नाही.

आता तुझ्या कामाचं. गेल्या आठवड्यात त्यांनी तुला आणखी एक मासा धाडला. माझ्या नकळत. होडी नाही, तर नावाड्याला गळ घातली, आणि त्याच्या होडीतून बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांपाशी गेले. तिथे ते म्हातारे मासे असतात, माणसाच्या मांडीएवढे. नावाडी सांगत होता, बाबांनी लहान मासे सोडून दिले. म्हणाले, "मोठा हवा. आता दोघांसाठी आहे."

आपल्या माणसाला निवडून निवडून काय द्यावं माणसाने.

मासा घेऊन गेलेल्या ट्रकवाल्याला मी गाठलं तोवर तो परत आलेला. "पोचवला की, काकू! ताईंनी स्वतः घेतला. खूश दिसल्या." तू तो उघडलास का, चूल पेटवलीस का, मला काहीच कळायला मार्ग नाही. जेवायला बसले की माझ्या डोळ्यांसमोर तुझं ताट येतं. माझ्या ताटात साधा भात आहे, आणि मला त्यावर धुरावलेल्या माशाचा वास येतो. खिडक्या उघडून बघितल्या. तळ्यावरून काहीही येत नव्हतं.

मला पत्र लिहू नकोस, हरकत नाही. केस पाठव. मानेवरचे, मागचे, अगदी कातडीलगत कापायचे, पेन्सिलीएवढी जुडी. मुळाकडच्या टोकाला दोरा बांध, नाहीतर कुठलं टोक नवं नि कुठलं जुनं ते कळत नाही. केस वाढताना त्या त्या महिन्याचा पारा आत धरून ठेवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस खोटं बोलत नाही.

त्यावरून मला तुझा शेपटा आठवला. पाचवीत माझ्याशी भांडून कात्रीने उडवलेला. मी तो केराबरोबर टाकणार होते, बाबांनी उचलला. त्यांच्या गळांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, तुझ्या लाल रिबिनीसकट. मी मागितला तर डबा छातीशी धरून बसले.

"तो माझा आहे."

"पोर कुणाची आहे?"

मग म्हणाले, "ने. तपासून घे. काही निघणार नाही. आणि निघालं नाही, की माझी चावी परत."

"दिली."

शब्द दिला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी हरावं म्हणून बसले आहे.

पेन नवीन आहे, म्हणून अक्षर असं.

२० एप्रिल, रविवार

शेपट्याचा निकाल आला.

प्रयोगशाळेत त्यातली एक बट कापून तुकड्यातुकड्याने तपासली. टोकाकडे काही नाही, जसा कुठल्याही लहान मुलीच्या केसांत असावा तसा. मध्याच्या जरा खाली पारा दिसू लागतो. मग चढत जातो. रिबिनीपाशी, म्हणजे मुळाशी, कागदावरची रेघ चौकटीबाहेर गेली आहे.

मी कागद बाबांच्या समोर धरला. बरोबर समोर. त्यांनी डोकं हलवत हलवत वाचला, डावीकडून उजवीकडे, जसं आपण खिडकीतून रस्ता बघतो. मग उरलेला शेपटा मागितला. टेबलावर आडवा ठेवला आणि टोकापासून बोट फिरवायला लागले.

"इथे आपण खाली गावात होतो."

बोट पुढे.

"इथे मी दरवाजे लावले."

तुला आठवत नसेल. धरणाचे दरवाजे पहिल्यांदा लावले ते त्यांनीच. चाक फिरवायचा मान त्यांना मिळाला होता, तुला खांद्यावर घेऊन गेले होते. पाणी झाडांच्या कमरेपर्यंत आलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास.

"इथे ती पोहायला शिकली." बोट थरथरत होतं, पण ते आता नेहमीचंच. "इथे म्हणाली, बाबा, डोकं मला." आणि रिबिनीपाशी बोट थांबलं ते उचलेचना. "मी भरवत होतो, गं. काटे काढून काढून."

तुझी आई गप्प बसली, हे तुला खरं वाटणार नाही.

मग ते उठले, दाराच्या चौकटीला खांदा लागला, शेडमध्ये गेले. परत आले ते गळांचा डबा घेऊन. तो माझ्या मांडीवर ठेवला. "चावीजवळ ठेव," म्हणाले. तेव्हापासून ओसरीत खुर्ची उलटी फिरवून बसतात, तळ्याकडे पाठ करून. नावाडी येऊन विचारून गेला, "काय दादा, भिंतीशी लग्न लावलं का?" म्हणाले, "भिंत बरी. भिंतीत काही बुडालेलं नाही."

मी पैज जिंकले. मला जिंकायचं नव्हतं.

तू घाबरू नकोस. तू तेव्हा मोठी होतीस, पहिल्या नंबराने पास होत होतीस, तुझं काही बिघडलं नाही. पोटातल्याची गोष्ट वेगळी. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, आज थांबलीस तर आजपासून फरक आहे. त्यांचंच वाक्य लिहिते: "पारा उतरतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो." वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. त्यांना आपल्या घरचं काही माहीत नाही.

केस पाठव. पाया पडायची मला सवय नाही, पण समज, पडले.

९ मे, शुक्रवार

तुझं पाकीट आलं.

आत कागद नव्हता. मी उलटं करून झटकलं, उजेडाला धरलं. नुसती जुडी, पातळ कागदात गुंडाळलेली. तुझे केस इतके काळे कधीपासून? मुळाकडच्या टोकाला मी दोरा सांगितला होता, तू गळाची तार बांधली आहेस. तुझ्याकडे ती कुठून आली? म्हणजे जपली होतीस.

गाठ मी सोडवायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. इकडे आण." मी ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांना बोटांनी आता गाठ कळत नाही, रेशीम नि सुतळी सारखंच लागतं. पण बघून म्हणाले, "माझी गाठ आहे. तिला शिकवलेली. ओढलं की आणखी आवळते." मग हसले, आणि मग त्यांना ते आवरेना.

गाठ तशीच ठेवून जुडी प्रयोगशाळेत पाठवली. निकाल यायला वेळ लागेल. मला काय निघेल याची कल्पना नाही, आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. तुझ्या पाकिटासोबत माझेही केस धाडले. या घरात माशाच्या शेपटीचा तुकडा नेहमी मीच घेत आले, तेव्हा काही विशेष नसावं. पण परवा सुतार आला होता. टेबल चारी बाजूंनी हलवून बघितलं त्याने, खाली वाकून पाय तपासले. म्हणाला, "बाई, टेबल कुठे डगमगतंय? पक्कं आहे."

तू येशील का, असं बाबा विचारतात. मी त्यांना सांगितलं, तिला विचारू नका, तिला आवडत नाही. मग मीच विचारते. आलीस तर घरात मासा शिजणार नाही आणि मी तुला काही शिकवणार नाही. निदान पहिल्या दिवशी नाही.

फाटकातून येशील तेव्हा बाबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असतील. मागून हाक मारू नकोस, कडेने येऊन खांद्यावर हात ठेवू नकोस, दचकतात. वळसा घालून ये आणि भिंतीला पाठ लावून त्यांच्या अगदी समोर उभी राहा. बाजूला उभं राहिलेलं माणूस त्यांच्यासाठी नसतंच.

खाली काय लिहावं याचा खूप विचार केला. जुनी सही आता करवत नाही.

आई